ट्रॅक डेसाठी रोजच्या गाडीची तयारी: कामाच्या नोंदी

७ सप्टेंबर

ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवसाला, आजपासून बरोबर आठ आठवडे आहेत. प्रवेशशुल्क भरून झाले आहे, त्यामुळे आता माघार नाही. गाडी रोजच्या वापरातली आहे: दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, पुढच्या चाकांना ताकद देणारी, हाताने गिअर टाकायची, रिकामी असताना १,४२० किलो वजनाची आणि पाच वर्षे जुनी. तिच्यातूनच ट्रॅकवर जायचे आहे आणि संध्याकाळी तिच्यातूनच घरी परतायचे आहे. ट्रेलर नाही आणि दुसरी गाडीही नाही. पुढचे बरेचसे निर्णय या अटीमुळे झाले आहेत, कारण ट्रॅकवर उत्तम चालणाऱ्या कित्येक वस्तू परतीच्या रस्त्यावर त्रासाच्या ठरतात.

किमती ठिकाणानुसार आणि काळानुसार बदलतात, म्हणून या नोंदींत सगळा खर्च मी माझ्या गाडीच्या एका टायरच्या किमतीच्या मापात मांडणार आहे. पहिला आकडा लाजिरवाणा आहे. नोंदी सुरू करण्यापूर्वीच मी इंजिनासाठी मोठ्या एअर फिल्टरचा संच घेतला, आणि त्याला १.४ टायर लागले. ही गाडी सरळ रस्त्यावर आधीच माझ्या कुवतीपेक्षा वेगवान आहे आणि वीस मिनिटांच्या सत्रात तिची कसोटी लागणार आहे ती थांबताना, हे कळायला मला आणखी एक आठवडा लागला.

१४ सप्टेंबर

चारही चाके उतरवून मोजमापे घेतली. पुढच्या डिस्कची, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीची, जाडी २४.४ मिमी भरली. डिस्कवर कोरलेली किमान मर्यादा २३ मिमी आहे, म्हणजे या दिवसापुरती ती चालावी. उजवीकडचे दोन्ही पॅड (डिस्कवर दाबून घासणाऱ्या पट्ट्या) सात मिलिमीटरच्या आसपास होते. डावीकडचा बाहेरचा पॅड ७.२ मिमी होता आणि आतला ४.१. मी पुसून पुन्हा मोजले, आकडे तेच आले.

या गाडीचे पुढचे कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारे चिमटे, सरकते आहेत. पेडल दाबले की पिस्टन आतला पॅड डिस्कवर टेकवतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड नुसता साक्षीदार राहतो आणि सगळी झीज आतल्या पॅडला सोसावी लागते. डावीकडची वरची पिन दोन बोटांनी निघाली, खालची मात्र जागची हलेना. गंज सोडवणारे तेल मारून, पान्याने पाव पाव वळसा मागेपुढे फिरवत चाळीस मिनिटांनी ती बाहेर काढली, तेव्हा तिच्यावरचे ग्रीस वाळलेल्या डिंकासारखे तपकिरी आणि कडक झालेले दिसले. पिनेच्या टोकाला असलेला छोटा रबरी बुश मात्र शाबूत होता.

पिना ब्रेक क्लीनरने धुतल्या, बारीक पॉलिश कागदाने घासल्या आणि कपाटात होते ते नेहमीचे बेअरिंगचे ग्रीस दोन्ही बाजूंच्या चारही पिनांना लावले. डावा कॅलिपर हाताने सरकू लागला. एकूण पाच तास गेले.

२१ सप्टेंबर

एका आठवड्यात डावी खालची पिन पुन्हा घट्ट झाली. दोष सर्वस्वी माझा आहे. खनिज तेलापासून बनवलेल्या ग्रीसने ब्रेकमधले रबर फुगते, म्हणून या पिनांना रबराला चालेल असे सिलिकॉनचे किंवा खास ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे लागते. बुश काढून जुन्या मापाशी ताडून पाहिला तर तो डोळ्यांना दिसेल इतका जाड झाला होता. पिनांचा रबरी संच मागवला.

२६ सप्टेंबर

संच आला. ०.१ टायर. पाकिटात दोन्ही बाजूंना पुरतील इतके बुश आणि रबरी टोप्या निघाल्या. डावीकडची पिन पुन्हा धुऊन, नवा बुश आणि योग्य ग्रीस लावून बसवली. तोवर अंधार पडला होता. उजवा कॅलिपर हाताने सरकवून पाहिला, तो सहज सरकत होता, म्हणून तो उघडला नाही. उरलेले पाकीट डिकीतल्या डब्यात टाकले.

२८ सप्टेंबर

आज ब्रेक ऑइल बदलले. गाडीत डॉट ४ दर्जाचे तेल तीन वर्षांपासून पडून होते. हे तेल हवेतले बाष्प शोषते आणि जसजसे पाणी मुरते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ साठी ताज्या तेलाची किमान अट २३० अंश सेल्सिअस आहे आणि पाणी मुरलेल्या तेलाची १५५ अंश. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. मी अधिक उत्कलनबिंदूचे डॉट ५.१ घेतले, कारण ते डॉट ४ मध्ये मिसळू शकते. नावांत फक्त एका दशांशाचा फरक असला तरी डॉट ५ हे सिलिकॉनचे निराळे तेल आहे, ते या दोहोंत मिसळत नाही आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाके अडकू न देणाऱ्या प्रणालीच्या) गाडीत घालायचे नसते. बाटली विकत घेताना हा दशांश दोनदा वाचावा.

काम दोघांचे आहे. मित्र पेडलवर बसला आणि मी चाकापाशी. त्याने दाबून धरायचे, मी निपल (कॅलिपरवरचा तेल सोडायचा छोटा स्क्रू) पाव वळसा सैल करून तेल पारदर्शक नळीतून बाटलीत सोडायचे, निपल बंद करायचे आणि मगच त्याने पाय उचलायचा. निपल बंद होण्यापूर्वी पाय उचलला तर कॅलिपर हवा आत ओढून घेतो.

"सोडू का?"

"थांब, मी सांगितल्याशिवाय पाय हलवू नकोस."

हे संभाषण आमच्यात किमान साठ वेळा झाले. पेडलाखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला होता, कारण पेडल जमिनीपर्यंत दाबले तर मास्टर सिलिंडरचे (पेडलाने दाबल्या जाणाऱ्या मुख्य पंपाचे) सील कधी न वापरलेल्या, कदाचित गंजलेल्या भागात जाऊन फाटू शकतात. एवढी खबरदारी घेऊनही घोळ झालाच. तिसऱ्या चाकावर नळीतून येणारे तेल काळपटाचे सोनेरी होताना पाहण्यात आम्ही दोघे इतके गुंगलो की बोनेटखालच्या टाकीकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. टाकी रिकामी झाली आणि हवा मास्टर सिलिंडरमधून थेट एबीएसच्या ठोकळ्यात शिरली. पेडल स्पंजासारखे झाले. त्यानंतर चारही चाकांवर हवा काढूनही ते पूर्ण कडक होईना, कारण एबीएसच्या आतल्या झडपा उघडल्याखेरीज तिथली हवा निघत नाही आणि त्या उघडायला संगणक जोडावा लागतो.

दुसऱ्या दिवशी हळूहळू चालवत गाडी गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावून अर्ध्या तासात हवा काढली. त्याला ०.३ टायर लागले. तेलाच्या दोन बाटल्या संपल्या. तिसरी अर्धी उरली होती, ती टाकून दिली, कारण उघडी बाटली ठेवून देणे म्हणजे तिच्यात पाणी भरत ठेवणे आहे. एक सीलबंद बाटली ट्रॅकसाठी राखून ठेवली. चारही बाटल्या मिळून ०.२ टायर. जमले तर प्रत्येक चाकानंतर टाकी पाहावी असे नव्हे, तर दर पाच दाबांनंतर पाहावी. मी आता तसेच करतो.

५ ऑक्टोबर

पुढे ट्रॅकसाठीचे पॅड बसवले. १.१ टायर. नव्या पॅडवर १२ मिमी मसाला (घासणारा थर) आहे. मागचे जुनेच ठेवले, ५ मिमी आहेत.

पूर्ण शर्यतीचे पॅड मी मुद्दाम घेतले नाहीत. ते थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि घरातून निघाल्यावर पहिला ब्रेक थंडच लागतो. मधल्या प्रतीचे जे घेतले ते कमी वेगात किंचाळतात आणि चाके काळी करतात, एवढे सहन होण्यासारखे आहे.

पॅड बसवताना उजवीकडची खालची पिन किंचित जड वाटली. नव्या पॅडच्या कडा अजून जागेत बसत असतील असे मानून पुढे गेलो.

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किमीवरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा बऱ्यापैकी जोराने वेग उतरवायचा आणि मग ब्रेकला हात न लावता दहा मिनिटे गाडी चालवत डिस्क थंड होऊ द्यायच्या. मी नवव्या वेळेनंतर समोर लाल सिग्नल लागला म्हणून गाडी ब्रेकवर थांबवून धरली. जेमतेम एक मिनिट. तेवढ्यात तापलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर एकाच जागी चिकटला आणि पुढच्या प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरू लागले. डिस्क वाकली असे पुष्कळजण अशा वेळी म्हणतात आणि नवी डिस्क आणतात. माझ्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा करडा ठसा स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे रस्ता रिकामा असताना सगळी प्रक्रिया पुन्हा केली, तेव्हा थरथर गेली.

१२ ऑक्टोबर

चाकांची भूमिती. कारखान्यातून पुढच्या चाकांना उणे १.१ अंश कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरची बाजू आत) होता. वळणावर गाडी झुकली की एवढ्याने टायरची बाहेरची कड चिरडते. शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या बोल्टमध्ये जेवढी मोकळीक होती तेवढी वापरून चाके आत झुकवली आणि उणे १.६ मिळाले. उणे अडीच हवे होते, पण त्यासाठी वरचे माउंट बदलावे लागते आणि रोजच्या गाडीला ते मला नको होते. हे काम घरी करून वर टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणे) तसेच राहील असे मी गृहीत धरले, ते चुकले. कॅम्बर बदलला की टो बदलतोच. गाडी रस्त्यावर डावी-उजवीकडे हुंगत चालू लागली. दोनदा अलाइनमेंट, ०.३ टायर.

१९ ऑक्टोबर

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले, पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरले, त्याच्या वर नाही. लांब वळणावर तेल टाकीच्या एका बाजूला चढते आणि पातळी कमी असेल तर पंपाला हवा मिळते. जास्त असेल तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. कूलंटच्या नळ्या दाबून पाहिल्या. बॅटरीची पट्टी सैल निघाली, नट पूर्ण एक वळसा फिरला. पाच वर्षांत हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

आवाजाची मर्यादाही असते. उभ्या गाडीचा आवाज सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात माइक धरून मोजतात. कारखान्याचाच सायलेन्सर असल्याने चिंता नव्हती.

२६ ऑक्टोबर

हेल्मेट घेतले, १.५ टायर. मोटारसायकलचे हेल्मेट घरात होते आणि ते चालेल अशी आशा होती. आयोजकांच्या नियमात स्नेलचा (हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा) एसए शिक्का मागितलेला निघाला. एसए हेल्मेटचे अस्तर आगीला विरोध करणारे असते, मोटारसायकलच्या एम शिक्क्याला ती अट नाही. नियमपत्रक आधी वाचले असते तर हे काम शेवटच्या आठवड्यावर आले नसते.

विम्याची कागदपत्रे शब्दन् शब्द वाचली. बंदिस्त ट्रॅकवर झालेले नुकसान त्यातून वगळलेले आहे. म्हणजे तिथे जे मोडेल ते माझ्या खिशातून. हे आठ आठवड्यांपूर्वी वाचायला हवे होते.

१ नोव्हेंबर

डिकी भरण्यापूर्वी गाडी पूर्ण रिकामी केली. पुढच्या सीटखाली एक पाण्याची बाटली सापडली, जी वळणावर घरंगळत ब्रेकच्या पेडलाखाली जाऊ शकली असती. पायाशी असलेली मॅटही काढली. सोबत घेतले: टॉर्क पाना, हवेचे मापक, छोटा पंप, जॅक आणि दोन स्टँड, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, नळी, इन्फ्रारेड तापमापक, एक लिटर इंजिन ऑइल, खडू, चिकटपट्टी, दोन लाकडी ठोकळे आणि पिनांच्या पाकिटाचा तो डबा, जो मी काढायला विसरलो म्हणून राहिला. टो हूक पुढे बसवून ठेवला. बिघडलेली गाडी ओढायला आलेल्या माणसाला तो शोधत बसावे लागू नये.

टायरमध्ये थंड असताना ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवली.

२ नोव्हेंबर

सकाळी सूचनांचा तास झाला. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी आणि मागे टाकणे बंद, लाल दिसला की शांतपणे पिटकडे (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेकडे), काळा झेंडा आपल्याकडे रोखून दाखवला तर आपणच काहीतरी केले आहे किंवा आपल्याच गाडीतून काहीतरी गळते आहे. मागे टाकायचे ते फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर, आणि तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणजे उजवी वळणे जास्त. हा तपशील तेव्हा मला महत्त्वाचा वाटला नव्हता.

पहिले सत्र. शेजारी प्रशिक्षक बसले होते. दोन फेऱ्या नुसता रस्ता पाहण्यात गेल्या. मी प्रत्येक वळणाआधी लांबून हलका हलका ब्रेक धरून ठेवत होतो. त्यांनी तिसऱ्या फेरीत सांगितले, "ब्रेक उशिरा मारायची घाई करू नका. लवकरच मारा, पण जोरात मारा आणि लवकर सोडा. असा धरून ठेवलात तर त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही." हे वाक्य मी चिकटपट्टीवर लिहून डॅशबोर्डवर लावले. सत्रानंतर चाके थोडी निवल्यावर नट तपासले. माझ्या गाडीला १२० न्यूटन-मीटर लागतात, आणि डाव्या मागच्या चाकाचा एक नट किंचित फिरला.

दुसरे सत्र. चौथ्या फेरीपासून गाडीचा पुढचा भाग वळणात बाहेर घसरू लागला, जणू रस्त्यावर कोणी साबण ओतला आहे. पिटमध्ये येताच मोजले तर पुढच्या टायरमध्ये ४१ पीएसआय हवा निघाली. सकाळच्या ३२ ची उष्णतेने ही गत केली होती. गरम असतानाच ३६ पर्यंत उतरवली. टायरच्या कडेवर खडूने आडव्या रेघा मारल्या होत्या. या रेघा टायरच्या बाजूच्या भिंतीवर कुठवर पुसल्या जातात त्यावरून टायर किती कुशीवर वळतो ते कळते. पहिल्या वेळी टायरवरच्या कारखान्याच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्या बराच आधी पुसणे थांबले होते, म्हणजे हवा जास्त. ३६ वर रेघा त्या त्रिकोणापर्यंत पुसल्या गेल्या. पुढच्या अर्ध्या दिवसात मला मिळालेला सर्वांत मोठा फायदा या पाच पीएसआयचा होता, आणि त्याला काही खर्च आला नाही.

तिसरे सत्र. सर्वांत चांगले. इंजिन ऑइलचे तापमान १३४ अंशांपर्यंत चढले, म्हणून दोन फेऱ्या आधीच वेग उतरवला. शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता, उंच गिअरमध्ये, गाडी निवण्यासाठी घेतली. पिटमध्ये हँडब्रेक लावायचा नाही, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले की ५ ऑक्टोबरचा प्रकार पुन्हा होतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावले. उजव्या पुढच्या चाकापाशी गरम धातूचा उग्र वास होता. सगळ्याच गाड्यांना वास येत होता, म्हणून मी जेवायला गेलो.

चौथे सत्र. प्रशिक्षक आता गाडीत नव्हते. आठव्या फेरीत मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी, ताशी सुमारे १८० किमीवर, वळण दीडशे मीटरवर असल्याच्या फलकापाशी नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि पेडल मऊपणे खाली जात राहिले. पूर्ण गेले नाही, पण नेहमी जिथे कडक लागते तिथे काहीच नव्हते. पाय उचलून दोनदा झटक्याने दाबला, तिसऱ्यांदा पेडल वर आले आणि गाडीचा वेग उतरला. वळणाचा आतला बिंदू कधीच निसटला होता. बाहेरच्या कडेने, डांबरावरच राहून, वळण पूर्ण झाले. शंभराच्या फलकावर ब्रेक मारायचा मोह मी त्या फेरीला टाळला होता, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल. इंडिकेटर लावून, हात बाहेर काढून, हळू हळू पिटमध्ये आलो.

पेडल कडक असून गाडी थांबत नसेल तर पॅड तापले आहेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर तेल उकळून त्यात वाफ झाली आहे. हे दुसऱ्या प्रकारचे होते. पण तेल पाच आठवड्यांपूर्वीचे होते, २६० अंशांच्या दर्जाचे होते. एवढे तापले कसे? तापमापक काढला. डावी डिस्क २९० अंश, उजवी ४१०. चकचकीत धातूवर हे यंत्र नेमका आकडा देत नाही, पण दोन्ही बाजूंना त्याच जागी, त्याच अंतरावरून धरल्यावर फरक खोटा नसतो. उजव्या डिस्कवर निळसर छटाही आली होती.

उजवी वळणे जास्त असलेल्या ट्रॅकवर आतले पुढचे चाक उजवे असते, आणि या गाडीची नियंत्रणप्रणाली आतले चाक फिरू लागले की त्याला आपणहून ब्रेक लावते. त्यामुळे उजवी बाजू थोडी जास्त तापणे समजण्यासारखे आहे. १२० अंशांचा फरक त्याने पटत नाही.

दीड तास थांबलो. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक काढले. खालची पिन हाताने हलेना. ती बाहेर काढली तेव्हा बुश फुगून भोकात घट्ट बसलेला होता, १४ सप्टेंबरला मी लावलेल्या बेअरिंगच्या ग्रीसने माखलेला. थंड असताना तो कसाबसा सरकत होता, म्हणून २६ सप्टेंबरला मला सहज वाटला आणि ५ ऑक्टोबरला किंचित जड. तापल्यावर अडकला, मग कॅलिपर परत सरकेना, आतला पॅड सतत डिस्कवर घासत राहिला आणि त्याची सगळी उष्णता पिस्टनमागच्या तेलात गेली. चालक, पेट्रोल आणि सामान धरून १,६०० किलोची गाडी ताशी १८० वरून ८० वर आणताना सुमारे १६ लाख ज्यूल उष्णता तयार होते. पावणेपाच लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला एवढी लागते, आणि दर फेरीला असा एक तरी ब्रेक होता. एकाच कॅलिपरने त्यातला नको इतका वाटा घेतला.

नवा बुश घ्यायला कुठेही जावे लागले नाही. तो डिकीतल्या डब्यात, त्याच पाकिटात, पाच आठवडे होता. बसवायला बारा मिनिटे लागली.

शेजारच्या गाडीच्या मालकाने पेडलवर बसायची तयारी दाखवली. सीलबंद बाटलीने पुढच्या दोन्ही कॅलिपरमधले तेल बदलले, दर पाच दाबांना टाकी पाहिली. उजवीकडून आलेले पहिले तेल चहाच्या रंगाचे आणि बुडबुड्यांनी भरलेले होते. पेडल कडक झाले. पाचवे सत्र मी घेतले नाही. पैसे भरलेले होते आणि ट्रॅक मोकळा होता, तरीही नाही. टायर थंड झाल्यावर हवा २८ च्या खाली निघाली, ती पुन्हा ३२ केली आणि मधल्या वेगाने घरी आलो. वाटेत तीनदा थांबून उजव्या चाकाजवळ हात धरून पाहिला.

९ नोव्हेंबर

सगळे पुन्हा मोजले. डावीकडचा आतला पॅड १०.४ आणि बाहेरचा १०.३ मिमी. उजवीकडचा बाहेरचा १०.८ आणि आतला ६.९. एका दिवसात पाच मिलिमीटर. उजव्या पिस्टनभोवतीचे धूळरोधक रबर करपून ठिसूळ झाले होते, बोट लावताच त्याचा तुकडा पडला. डिस्कवर केसांसारखे बारीक तडे आहेत. पृष्ठभागावरचे असे जाळे चालते, पण तडा कडेपर्यंत किंवा भोकापर्यंत पोहोचला तर डिस्क टाकावी लागते. माझा सर्वांत लांब तडा कडेपासून पाच मिमी आत थांबला आहे. दोन्ही डिस्क बदलायचे ठरवले. मागचे पॅड ५ वरून ४.२ वर आले. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा गोल झाल्या आहेत, दोन्हींचे मिळून ०.७ टायर आयुष्य गेले असे धरतो.

हिशेब: प्रवेशशुल्क १.६, हेल्मेट १.५, फिल्टरचा निरर्थक संच १.४, पॅड १.१, टायरची झीज ०.७, अलाइनमेंट ०.३, स्कॅनर ०.३, ब्रेक ऑइल ०.२, पिनांचा संच ०.१. एकूण ७.२ टायर, नव्या डिस्क आणि सीलचा संच अजून धरलेला नाही. वेळ ४१ तास. त्यांतले १७ तास केलेले काम पुन्हा करण्यात गेले. ट्रॅकवर प्रत्यक्ष गाडी चालवली ती सव्वा तास.

१६ नोव्हेंबर

उजवा कॅलिपर उघडून सील आणि धूळरोधक रबर बदलले. पिस्टनवर गंज नव्हता. नव्या डिस्क बसवल्या. उजवा आतला पॅड विषम झिजल्याने पुढच्या पॅडचा पूर्ण जोडही बदलावा लागला, एकट्या बाजूचा बदलता येत नाही. मागच्या कॅलिपरच्या पिनाही काढून पाहिल्या. तिथे मी कधी हात लावला नव्हता, त्यामुळे त्या व्यवस्थित होत्या. पुढच्या चारही पिनांचे ग्रीस पुसून नव्याने लावले आणि बेअरिंगच्या ग्रीसचा डबा कपाटातून काढून दुसऱ्या खोलीत ठेवला. फिल्टरचा संच अजून खोक्यातच आहे, विकायला काढला आहे.

पॅड बसवून घेण्यासाठी उद्या पहाटे साडेपाचला निघायचे आहे. त्या रस्त्यावर सिग्नल नाही, आज जाऊन पाहून आलो.